लिंबू, साखर आणि वितळलेला बर्फ: घरचं कॉकटेल बारसारखं का लागत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दोन वर्षं घरी कॉकटेल करतोय. बाटल्या चांगल्या आणल्या, शेकरचा सेट घेतला, परदेशी रेसिपी जशाच्या तशा करतो. तरी कधी घसा धरेल इतकं कडक होतं, कधी पाणचट. लिंबाचा तर पत्ताच लागत नाही. चाखून दुरुस्त करायला गेलो की आणखी बिघडतं. पुढच्या शनिवारी सहा जण येणार आहेत. माझं चुकतंय कुठे, आणि आणखी कोणत्या बाटल्या घेऊ?"

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो: एकही बाटली घेऊ नका. सतरा वर्षं मी बारमागे उभा राहिलो, आधी पणजीत आणि मग पुण्यात. आता लोकांच्या घरी जाऊन शिकवतो. ज्या ज्या स्वयंपाकघरात गेलो तिथे बाटल्या माझ्या बारपेक्षा भारी होत्या, आणि घोळ मात्र लिंबू, साखर, बर्फ यांतच होता. या तिघांची किंमत पन्नास रुपयेसुद्धा होत नाही, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

तुमच्या घरी उन्हाळ्यात पन्हं होत असेल. करणारी व्यक्ती काय करते ते आठवा. कैरीचा गर, गूळ, मीठ, वेलची एकत्र करून चाखते. तेव्हा ते अंगावर येईल इतकं आंबट-गोड असतं, पण ती घाबरत नाही, कारण पाणी अजून पडायचंय हे तिला माहीत असतं. पाणी घातल्यावर, माठातलं गार पाणी असेल तर आणखीच, चव खाली बसते हे तिने हिशेबात धरलेलं असतं. कॉकटेलचं गणित हेच आहे. फरक एवढाच की इथे पाणी तुम्ही ओतत नाही, ते बर्फातून येतं, आणि म्हणून ते मोजायचं असतं हेच लोक विसरतात. 1806 साली अमेरिकेत हडसन नावाच्या गावातल्या एका साप्ताहिकाने कॉकटेल म्हणजे काय ते छापलं होतं: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू अर्काचे थेंब. चारातलं एक पाणी आहे, हे लक्षात घ्या.

आता लिंबू. परदेशी रेसिपीत "एका लाइमचा रस" लिहिलेलं असतं. त्यांचं लाइम म्हणजे मोठं, बिनबियांचं, जाड सालीचं फळ. त्यातून 25-30 मिली रस सहज निघतो. आपल्याकडचं कागदी लिंबू वेगळं. मंडईतलं मध्यम लिंबू पिळलं तर 12 ते 18 मिली निघतो, आणि एप्रिल-मेमध्ये लिंबं महाग आणि कोरडी होतात तेव्हा 8 मिलीवर समाधान मानावं लागतं. म्हणजे तुम्ही एक लिंबू पिळून मोकळे होत असाल तर जानेवारीतलं कॉकटेल आणि मे महिन्यातलं कॉकटेल या दोन वेगळ्याच गोष्टी होणार. शिवाय कागदी लिंबाचा वास जास्त टोकदार असतो. म्हणून रेसिपीत 30 मिली लाइमचा रस असेल तर मी आपल्या लिंबाचा 20-22 मिलीच घेऊन सुरुवात करतो. लिंबं फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, ओट्यावर तळव्याखाली दाबून फिरवा, आडवं कापा, आणि पिळताना सालीचा शेवटचा थेंब काढायच्या नादी लागू नका. सालीखालचा पांढरा भाग चिरडला की कडवटपणा उतरतो. रस गाळून एका वाटीत जमवा आणि त्यातून मापून घ्या. लिंबू थेट शेकरवर पिळायचं नाही. सकाळचा रस संध्याकाळी चालेल, कालचा नाही.

साखरेचा घोळ जरा मजेशीर असतो, कारण आपल्याला पाक येतो. रेसिपीतलं "सिंपल सिरप" म्हणजे वजनाने निम्मी साखर आणि निम्मं पाणी, बस. 200 ग्रॅम साखर, 200 ग्रॅम गरम पाणी, विरघळेपर्यंत ढवळा, गार करा, बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन आठवडे चांगलं राहतं. गॅसवर उकळत ठेवलंत, एकतारीकडे गेलं, की पाणी उडून त्याची गोडी कितीतरी वाढते आणि रेसिपीतले 20 मिली तुमच्याकडे 35 मिलीसारखे वागतात. एका घरी मला गुलाबजामचा उरलेला पाक दिला होता. वेलचीचा वास, वर तुपाचा तवंग. जिन त्यात बिचारी हरवून गेली. गुळाचं सिरपही याच मापाने करा, फक्त कापडातून गाळा, गुळात रेती आणि चिपाडाचे कण असतात. आणि गडद रमला गूळ जितका शोभतो तितकी साखर शोभत नाही, हे माझं ठाम मत आहे.

मापाबद्दल फार लिहीत नाही. बाटलीच्या झाकणाने मोजू नका, प्रत्येक झाकण वेगळं असतं. आपला स्मॉल 30 मिली, लार्ज 60, आणि अमेरिकन रेसिपीतला एक औंस जवळपास 30 मिली धरला तरी काही बिघडत नाही. स्टीलचं जिगर, म्हणजे बारमधलं माप, असेल तर उत्तम, पण 5 आणि 10 मिलीसाठी खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं प्लास्टिकचं मापच सगळ्यात नेमकं असतं. केमिस्टकडची 10 मिलीची बिनसुईची सिरिंज आणलीत तर मी तुम्हाला दहापैकी दहा देईन. मद्यात 5 मिली इकडेतिकडे झाले तर कुणाला कळत नाही. लिंबात आणि साखरेत 5 मिलीने ग्लास बदलतो.

उपकरणांचंही तसंच. स्टीलचे दोन मोठे ग्लास एकात एक बसत असतील तर तो शेकर झाला. बारीक गाळायला चहाची गाळणी. आणि ताक घुसळायची लाकडी रवी घरात असेल तर ती फेकू नका. कॅरिबियन बेटांवर फुटव्यांची काठी दोन तळव्यांमध्ये फिरवून रम आणि बारीक बर्फ घुसळतात, ती काठी आणि आपली रवी या चुलत बहिणी आहेत. मी स्वतः रवी वापरतो. पाहुण्यांना आवडतं.

आता बर्फावर येतो, आणि इथे जरा थांबणार आहे, कारण तुमचं "कधी कडक, कधी पाणचट" इथून आलंय.

शाळेत अप्रकट उष्मा शिकलो होतो तो आठवा. 1 ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी उष्णता ओढून घेतो, तर 1 ग्रॅम पाणी एक अंशाने गार व्हायला 1 कॅलरी सोडतं. म्हणजे कॉकटेल गार होतं ते मुख्यतः बर्फ वितळल्यामुळे, नुसत्या बर्फाच्या गारपणामुळे नाही. मग हिशेब करा. शेकरमध्ये 100 मिली मिश्रण आहे, खोलीचं तापमान 28 अंश. चांगलं शेक केलेलं कॉकटेल उणे चार-पाच अंशांपर्यंत उतरतं. शून्याखाली कसं, तर लहानपणी आइस्क्रीमच्या लाकडी पॉटमध्ये बर्फावर खडेमीठ घालायचो तसं. मीठ जे करतं तेच इथे अल्कोहोल करतं. 32 अंश उतरायचे, म्हणजे साधारण 3200 कॅलरी, भागिले 80. बरोबर 40 ग्रॅम बर्फ वितळायला हवा. 100 मिलीत 40 मिली पाणी! आणि ते चूक नाही, तेवढंच हवं असतं.

हे कागदावरचं गणित वाटत असेल तर घरी बघा. डायकिरी घ्या, क्यूबातल्या सँतियागोजवळच्या दाइकिरी गावाच्या नावाची: पांढरी रम 60 मिली, लिंबाचा रस 22, सिरप 20. बेरीज 102. शेकर बर्फाने दोन तृतीयांश भरा, बारा सेकंद जोरात हलवा, आणि मेजरिंग कपात गाळा. 140 च्या आसपास आलं की समजा जमलं. 120 आलं तर तुम्ही शेकर नुसता डुलवलात, आणि ते कडक लागणार. 165 आलं तर बर्फ ओला होता.

ओला बर्फ हा आपल्याकडचा खरा खलनायक. हॉलमध्ये बर्फाची बकेट आणून ठेवतो, गप्पा रंगतात, तासाभराने त्याच बर्फावर कॉकटेल करतो. तोवर प्रत्येक खड्यावर पाण्याचा थर आलेला असतो. ते पाणी गार करायचं काम आधीच संपवून बसलंय. ते शेकरमध्ये नुसतं पाणी म्हणून पडतं. फ्रीजरमधून बर्फ काढला की लगेच वापरा, आणि बकेटमधलाच वापरायचा असेल तर आधी चाळणीत निथळून घ्या.

उलटी चूकही असते आणि ती हौशी लोक जास्त करतात. जिनची बाटली फ्रीजरमध्ये ठेवतात, ग्लास फ्रीजरमध्ये, मग ढवळतात. सगळंच आधी गार असल्यामुळे बर्फ वितळतच नाही, पाणी येत नाही, आणि मग पहिल्या घोटाला ठसका लागतो. बाटली फ्रीजरमधली असेल तर 10-15 मिली गार पाणी मापून वरून घाला. लोकांना हा गुन्हा वाटतो. आम्ही बारमध्ये रोज करतो.

आणि "बर्फ कमी टाक रे, पाणचट होतं" हे वाक्य प्रत्येक पार्टीत ऐकू येतं. दोन खडे टाकलेला ग्लास लवकर कोमट होतो आणि ते दोन्ही खडे विरघळून जातात. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला तर तो गार राहतो आणि बर्फ सावकाश विरघळतो. बर्फ भरपूर असला की पाणचट कमी होतं.

काचेसारखा पारदर्शक मोठा खडा हवा असेल तर चपात्यांचा कॅसरोल घ्या. झाकण काढा, पाणी भरा, फ्रीजरमध्ये ठेवा. बाजू आणि तळ गारव्यापासून झाकलेले असल्यामुळे पाणी वरून खाली गोठत जातं आणि हवेचे बुडबुडे तळाकडे ढकलले जातात. साधारण 20 तासांनी, तळाचं पाणी गोठायच्या आधी, उपडा करून लादी बाहेर काढा. दहा मिनिटं बाहेर राहू द्या, मग दातेरी सुरीने रेघ मारून पाठीवर लाटण्याने हलका ठोका द्या. सरळ रेषेत तुटते. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी बायकोला उठवून दाखवलं होतं.

बर्फाला वास लागतो, हेही सांगून टाकतो. मावशीने मालवणहून सोडे आणले होते, पिशवी फ्रीजरमध्ये होती. मी पाहुण्यांना मोठ्या तोऱ्यात जिन आणि व्हर्मुथ ढवळून दिलं. एक जण नाक लावून म्हणाला, "यात मेझकाल आहे का? धुरकट लागतंय." मेझकाल म्हणजे धुरकट वासाचं मेक्सिकन मद्य. मी काही बोललो नाही. तेव्हापासून कॉकटेलचा बर्फ झाकणाच्या डब्यात असतो आणि आठवड्याच्या वर ठेवत नाही.

शेक कधी, ढवळायचं कधी, याचं सोपं उत्तर: लिंबू, फळाचा रस, अंडं, दूध यांपैकी काही असेल तर शेक, बारा-पंधरा सेकंद. नुसती मद्यं असतील तर बर्फावर ढवळा, पंचवीस-तीस सेकंद. ढवळलेल्यात पाणी थोडं कमी, मूळ मापाच्या पाव भागाच्या आसपास येतं. शेक केल्यावर हवेचे बारीक बुडबुडे शिरतात, ते आंबट कॉकटेलला छान, मार्टिनीसारख्या नुसत्या मद्यांच्या कॉकटेलला नको. व्हिस्की सावर, म्हणजे व्हिस्की, लिंबू आणि साखरेचं कॉकटेल, त्यावर पांढरा फेस हवा पण कच्चं अंडं नको असेल, तर छोले शिजवल्यावर उरलेलं घट्टसर पाणी 20-25 मिली घाला. आधी बर्फाशिवाय हलवा, मग बर्फ घालून. मात्र छोले शिजवताना मीठ, सोडा, चहाची पुरचुंडी घालू नका, नाहीतर पाहुणे भटुरे मागतील.

आता चाखण्याबद्दल. "दुरुस्त करायला गेलो की बिघडतं" असं तुम्ही म्हणता. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून पाणी, मग तिखट कमी झालं म्हणून तिखट, मग पुन्हा मीठ, हे आपण सगळ्यांनी केलंय. इथेही तसंच होतं, वर दर फेरीला अल्कोहोल पोटात जात असतं. तिसऱ्या चाखणीनंतर माझ्या जिभेवर माझाच विश्वास नसतो, आणि माझा हा धंदा आहे.

पहिली गोष्ट, बर्फाआधी चाखलं तर ते जास्त गोड, जास्त आंबट, जास्त कडक लागायलाच हवं. वितळलेलं आइस्क्रीम किती गोड लागतं ते आठवा. गारव्यात गोडी दबते. बर्फाआधी जे बरोबर लागतं ते शेक केल्यावर मिळमिळीत होणार. म्हणून निर्णय शेक केल्यानंतरच्या घोटावर घ्या. बारमध्ये आम्ही स्ट्रॉ बुडवून वरचं टोक बोटाने बंद करतो आणि दोन-चार थेंब जिभेवर सोडतो. मापाच्या चमच्याने चाखलं तरी चालेल, पण प्रत्येक वेळी तेवढंच.

दुसरी, एका वेळी एकच गोष्ट बदला. एका दुपारी, कुणी पाहुणे नसताना, हा प्रयोग करा. तीन छोटे ग्लास. प्रत्येकात 20 मिली रम, 7 मिली सिरप, 12 मिली गार पाणी. मग पहिल्यात 5 मिली लिंबाचा रस, दुसऱ्यात 7, तिसऱ्यात 9. सिरिंज इथे कामाला येते. तिन्ही दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, मग ओळीने एकेक घोट घ्या, मध्ये साधं पाणी. पहिला ग्लास सरबतासारखा लोळेल. तिसऱ्यात जबड्याच्या मागे, कानाखाली, चिमटा बसेल. मधल्यात रमचा स्वतःचा वास सापडेल, म्हणजे लिंबू आणि साखर दोघंही जरा बाजूला झाल्यासारखं वाटेल. तुमचा मधला ग्लास 6 मिलीवर सापडेल किंवा 8 वर. तो तुमचा आकडा, तो लिहून ठेवा. जेमतेम दोन-दोन मिलीचा फरक आहे हे जिभेला एकदा कळलं की अंदाजाने पिळणं आपोआप सुटतं. असाच प्रयोग पुढच्या वेळी पाण्यावर करा: लिंबू तेच ठेवून पाणी 5, 12, 20.

तिसरी, दुरुस्ती एकदाच आणि 3 मिलीने. आंबट वाटलं तर सिरप. कडक वाटलं तर पाणी, सिरप नव्हे; गोडीने अल्कोहोलचा चटका झाकता येतो पण मग तोंड चिकट होतं. सगळं बरोबर आहे पण काहीतरी हरवलंय असं वाटलं तर मीठ. 20 ग्रॅम मीठ 80 ग्रॅम पाण्यात विरघळवून ड्रॉपरच्या बाटलीत ठेवा, एका ग्लासात दोन थेंब. खारट लागत नाही, पण कडवटपणा मागे सरतो आणि फळाचा स्वाद उघडतो. कलिंगडावर मीठ का भुरभुरतो, तसंच. तरीही जमलं नाही तर तो ग्लास तसाच पिऊन टाका आणि पुढचा नव्याने करा. ओढाताण करू नका.

नाकाबद्दल दोन शब्द. चव म्हणतो त्यात वासाचा वाटा फार मोठा. मग खोलीत उदबत्ती, रूम फ्रेशनर, स्वयंपाकघरात कांदा-लसणाची फोडणी असेल तर जिन आणि व्होडका यांत फरकच करता येत नाही. ग्लासला भांड्याच्या साबणाचा वास राहतो. गरम पाण्याने विसळून सुती कापडाने पुसा. चखण्यात लसणाची शेव आणि तिखट भडंग ठेवून नाजूक कॉकटेल देऊ नका, तिथे बिअर बरी. भाजके शेंगदाणे किंवा नुसते कुरमुरे ठेवा. वासाचं वर्णन करायला परदेशी फळांची नावं शोधायची गरज नाही. आपल्याकडे तुरट हा इतका कामाचा शब्द आहे. आवळा, जांभूळ, कोरा चहा यांनी जिभेवर जे होतं ते बऱ्याच कॉकटेलमध्ये असतं आणि ते आंबटपणापासून वेगळं ओळखता आलं पाहिजे.

वासासाठी फळाची सालही वापरा. संत्र्याच्या सालीचा अंगठ्याएवढा तुकडा, रंगीत बाजू ग्लासकडे करून, चिमटीत दाबा. उजेडात धरलात तर तेलाचा बारीक फवारा दिसतो. नागपुरी संत्र्याची साल मऊ आणि सैल असते, पीळ नीट बसत नाही, पण तेल भरपूर. सजावटीला मात्र बागेतलं दिसेल ते फूल लावू नका. एका घरी ग्लासावर कण्हेरीचं फूल खोचलेलं मी स्वतः काढून फेकलंय. कण्हेर विषारी आहे.

बाटल्यांपैकी फक्त व्हर्मुथबद्दल सांगतो. ती वाइन आहे. उघडली की फ्रिजमध्ये, आणि महिना-दीड महिन्यात संपवायची. व्हर्मुथ घालून केलेलं निग्रोनी हे कॉकटेल कडू काढा लागतं म्हणणाऱ्या दहापैकी आठ जणांची व्हर्मुथ हॉलच्या शोकेसमध्ये दोन वर्षं ऊन खात उभी असते. छोटी बाटली घ्या.

आपल्याकडच्या गोष्टी वापरायच्या असतील तर मी कोकमापासून सुरुवात करेन. पण आगळ आणि अमृत कोकम यांत गल्लत करू नका. अमृत कोकम म्हणजे साखरेचं सरबत. आगळ म्हणजे मिठात उतरवलेला आंबट रस, त्यात मीठ आधीच भरपूर. जिन 45 मिली, आगळ 10, साखरेचं सिरप 20, शेक करून उंच ग्लासात बर्फावर गाळा, वर 80-90 मिली गार सोडा. सोडा शेवटी, आणि एकदाच हलकं ढवळा. आगळ 15 मिली केलंत तर सोलकढीची आठवण यायला लागते, 20 ला समुद्राचं पाणी. यात वेगळं मीठ अजिबात नको.

फेणी हा माझा हळवा कोपरा. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बरेच मराठी लोक अजून नाक मुरडतात, कारण त्यांनी ती कोमट आणि काही न मिसळता प्यायलेली असते. तिचा वास मोठा आहे, म्हणून लार्ज नको. 40 मिली फेणी, 20 लिंबू, 20 गुळाचं सिरप, मिठाच्या पाण्याचे दोन थेंब, चांगलं पंधरा सेकंद शेक. गोव्यात मार्चपासून काजूच्या हंगामात उर्राक येतो, पहिल्या धारेचा, फेणीपेक्षा सौम्य. त्यात लिंबाचं फसफसतं पेय, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून लोक पितात. आंबट, गोड, खारट, तिखट, सगळं मापात. त्याला कुणी कॉकटेल म्हणत नाही, एवढंच. उर्राक मुळात सौम्य असल्यामुळे शेक करू नका, बर्फाच्या पाण्याने तो कोलमडतो. आणि गोव्याहून बाटल्या गाडीत घालून निघण्याआधी परवान्याचं बघा. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायलाही परवाना लागतो, आणि रम, जिन, फेणीसारख्या कडक मद्यांसाठी वयाची अट पंचवीस आहे.

आता तुमचा शनिवार. सहा जणांना एकेक करून शेक करत बसलात तर तुम्ही स्वयंपाकघरात आणि पार्टी हॉलमध्ये. पहिली फेरी आधी करून ठेवा, आणि त्यासाठी पंचासारखं दुसरं काही नाही. हा शब्द आपल्या "पाच"वरून गेला असं मानतात. घटक पाच: मद्य, आंबट, गोड, पाणी, मसाला.

750 मिलीची रिकामी स्वच्छ बाटली घ्या. ओल्ड मंक 270 मिली. गुळाचं सिरप 120. कोरा चहा 180, म्हणजे एक चमचा पत्ती, साडेतीन मिनिटं, गाळून पूर्ण गार केलेला. हे तिन्ही दुपारीच भरून फ्रिजमध्ये ठेवा. माणसं यायच्या तासभर आधी लिंबाचा गाळलेला रस 120 मिली घाला, त्यासाठी आठ-दहा लिंबं आणून ठेवा, उन्हाळा असेल तर पंधरा. एकूण 690 मिली होतं. शेकरमध्ये जे पाणी बर्फातून आलं असतं ते इथे चहाच्या रूपात आधीच घातलंय, म्हणून शेक करायचं नाही. बाटली दोनदा उलटीपालटी करा आणि बर्फाने भरलेल्या ग्लासात प्रत्येकी 115 मिली ओता. वर जायफळ किसणीवर दोनदा घासा. यात प्रत्येकाच्या वाट्याला दीड स्मॉल रम येते, आणि चव सरबतासारखी उतरते, म्हणून गाडी चालवणाऱ्याला हे आकडे आधीच सांगा. न पिणाऱ्यांसाठी रमऐवजी तेवढाच जास्त चहा आणि मिठाचे दोन थेंब घालून दुसरी बाटली करा. दोन्हींचा रंग सारखाच दिसतो, तेव्हा झाकणांवर चिकटपट्टी लावून नावं लिहा.

दुसऱ्या फेरीला डायकिरी शेक करा, एका वेळी दोन ग्लास, त्याहून जास्त नाही. शेकर भरून गेला तर आत बर्फाला हलायला जागाच उरत नाही. बर्फ आदल्या रात्रीपासून साठवायला घ्या: माणशी एक किलो धरा. उरला तर सिंकमध्ये ओता. कमी पडला तर रात्री दहाला शेजारच्यांचं दार वाजवावं लागतं, आणि त्यांच्या फ्रीजरमध्ये सोडे असू शकतात.